वैद्यकीय इतिहास मंडळ संग्रहालयासाठी थांबवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय महाविद्यालये आता गडचिरोलीपर्यंत पोचली आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी वैद्यकाच्या इतिहासाचे मंडळ काढावे असे म्हटले, की ‘आधी जागा मिळू द्या, संग्रहालय होऊ द्या’ हे उत्तर ठरलेले. पण कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात विद्यार्थ्यांचे असेच मंडळ, ऑस्लर सोसायटी, १९२१ मध्ये सुरू झाले. ज्यांचे नाव तिला दिले ते नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर १९१९ मध्ये वारले. त्यांनी मॅकगिलला दिलेले सुमारे आठ हजार ग्रंथ सूचीच्या कामामुळे ऑक्सफर्डलाच राहिले आणि ग्रंथालय उघडले थेट १९२९ मध्ये. तोवर आठ वर्षे मंडळ चालूच होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तर इतिहास मंडळाची बैठक १८९० मध्ये भरली, तेव्हा तिथले वैद्यकीय महाविद्यालय उघडायला तीन वर्षे अवकाश होता.

विदर्भात सामग्रीची वाण नाही. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांचे कुष्ठधाम १९३६ चे. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन त्यानंतरचे. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने १९५१ नंतर गावोगाव पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. कुष्ठरोगावर आधी कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शने, मग डॅप्सोन हे औषध, मग ऐंशीच्या दशकातला बहुविध औषधोपचार: जुन्या नोंदवहीतला औषधाचा एक रकाना वाचला तरी हा बदल वर्षागणिक समोर येतो. अशा वह्या दवाखान्यांतून निर्लेखनाच्या, म्हणजे रद्दीत काढायच्या सामानाच्या यादीत जातात, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

मंडळाने काम दिवाळीनंतर घ्यावे. पावसाळ्यात दमट कागद चिकटतो आणि ओढला की शाई सोलून निघते. मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेर धूळ झाडावी. गंजलेल्या स्टेपलच्या पिना खेचू नयेत, टोके सरळ करून सोडवाव्यात. चिकटपट्टी मुळीच लावू नये, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून घातक, ते पुन्हा सोडवता येत नाही. सुटी पाने जशी सापडली त्याच क्रमाने ठेवावीत, कारण तो क्रमही पुरावाच असतो. फोटो मोबाइल स्टँडवर आडवा धरून, फ्लॅश न लावता, शेजारी मोजपट्टी ठेवून, आधी मुखपृष्ठापासून काढावेत. खुणा फक्त पेन्सिलीने. वही धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात बांधून जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुटी ठेवली, म्हणजे वाळवी चटकन नजरेस पडते.

रुग्णांची नावे कुठेही बाहेर जाऊ नयेत. कुष्ठरोगाचा कलंक नातवंडांपर्यंत पोचतो. वाचनाच्या प्रतीत वर्ष, तालुका आणि उपचार एवढेच असावे.

अशी मंडळे बहुधा दुसऱ्या वर्षी मोडतात, कारण सचिव इंटर्नशिपला जातो आणि किल्ली, यादी, फोटो त्याच्याकडेच राहतात. म्हणून सचिव दुसऱ्या वर्षाचा, सहसचिव पहिल्या वर्षाचा, आणि सगळ्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे. महिन्याला एकच बैठक, एकच कागद, वीस मिनिटांचे वाचन पुरे. नुसत्या जयंत्या साजऱ्या करू लागले, की अभ्यास बाजूला पडतो.

जिल्हा परिषदांना विनंती आहे, की प्राथमिक आरोग्य केंद्रांनी रद्दी काढण्यापूर्वी जुन्या नोंदवह्यांची यादी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवावी आणि महिनाभर उत्तराची वाट पाहावी.

आपले,
वैद्यकीय इतिहासाचे काही अभ्यासक,
वर्धा जिल्हा