जिल्हा नियोजन समितीने आधी नियोजन करावे

महोदय,

जिल्ह्यातील विकासकामांसाठी राज्याकडून येणारा जिल्हा वार्षिक योजनेचा निधी मार्चअखेरीस घाईघाईने खर्ची टाकला जातो, अशा बातम्या दरवर्षी येतात आणि दोष अधिकाऱ्यांच्या दिरंगाईला दिला जातो. आमच्या मते मूळ दुखणे जिल्हा नियोजन समिती चालवण्याच्या पद्धतीत आहे.

74व्या घटनादुरुस्तीनुसार समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे असतात, तेही ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. महाराष्ट्राने त्यासाठी 1998 मध्ये कायदा केला. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. पण मार्च 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, निवडणुका लांबत गेल्या आणि समितीचा हा कणाच गेला. त्या काळात निधीचे वाटप पालकमंत्री, निमंत्रित आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यातच ठरत राहिले.

पंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून पाणी, पायाभूत सोयी आणि पर्यावरण यांचा विचार केलेला जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे, हे समितीचे घटनादत्त काम. प्रत्यक्षात मुंबईहून निधीची कमाल मर्यादा कळते, ती सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना यांत विभागलेली असते आणि पुढे लेखाशीर्षनिहाय, म्हणजे सरकारी खर्चाच्या ठरलेल्या सदरांनुसार, याद्या सुरू होतात. 3054 या लेखाशीर्षातून रस्तादुरुस्ती, 5054 मधून रस्त्यांचे मजबुतीकरण, जनसुविधा योजनेतून स्मशानभूमी. गोदामाचा पैसा एका विभागाकडे, त्याच्या रस्त्याचा दुसऱ्याकडे. पावसाळ्यात मालाचा ट्रक त्या गोदामापर्यंत पोहोचेल का, हे कोणत्याच टेबलावर तपासले जात नाही. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे ऑनलाइन भरले जातात, पण तालुकावार एकत्र करून समितीपुढे क्वचितच येतात.

दायित्वाचा, म्हणजे आधी मंजूर कामांच्या शिल्लक देण्याचा, हिशेब तर बैठकीत फार थोडे लोक विचारतात. जिल्हा परिषदेत उपलब्ध निधीतून मागील कामांचे देणे वजा करून उरलेल्या रकमेच्या दीडपट कामे धरण्याची पद्धत आहे. समजा, एका लेखाशीर्षाला 10 कोटी मिळाले आणि दायित्व 4 कोटी आहे. उरलेल्या 6 कोटींवर 9 कोटींची कामे मंजूर होतात. एकूण देणे 13 कोटी, म्हणजे सगळी कामे वेळेत झाली तरी 3 कोटी पुढच्या वर्षावर. निधी स्थिर असेल तोवर हे निभते. 2020-21 सारखी कात्री लागली की जुनी बिलेच नवा निधी खातात आणि ठेकेदार अर्धवट काम सोडून जातो.

वेळापत्रकाचेही तसेच. निधी एप्रिलपासून उपलब्ध असला तरी याद्या ठरायला पावसाळा उलटतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. यात जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नसल्याचे कार्यादेशानंतर उघड झाले, तर काम बदलण्यात आणखी दोन-तीन महिने जातात. जिल्हा परिषदेला खर्चासाठी दुसरे वर्ष तरी मिळते, राज्यस्तरीय यंत्रणांना 31 मार्चलाच हिशेब मिटवावा लागतो. म्हणून फेब्रुवारीत पुनर्विनियोजन, म्हणजे निधीचे फेरवाटप, करून पैसा जिथे लवकर खपेल तिथे वळवला जातो. गरज कुठे आहे, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कामासमोर जागेचा सातबारा, ग्रामसभेचा ठराव आणि त्या लेखाशीर्षाचे दायित्व लिहिलेली तालुकानिहाय यादी बैठकीच्या किमान पंधरा दिवस आधी सदस्यांना द्यावी आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी. कामांची निवड मे महिन्यातच संपवावी. समितीत निवडून येणाऱ्या सदस्यांनी पहिल्याच बैठकीत हा आग्रह धरावा.

– जिल्हा नियोजनाचे काम जवळून पाहणारे काही वाचक