दोन विषं, लिव्हर एकच

संपादकसाहेब, नमस्कार.

परवा पोराने च्युइंगगम आणलं, वरचं पांढरंशुभ्र कोटिंग बघून पाकीट वाचलं तर बारीक अक्षरात टायटॅनियम डायऑक्साइड. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये हा पांढरा रंग खाण्यातून काढला, त्यात नॅनो साइजचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे अतिबारीक कण पण असतात. बरं नुसता कण एकवेळ सोडा, पण शिसं, कॅडमियम असले धातू त्याला चिकटून पेशीत शिरू शकतात आणि लिव्हरचं कामच रक्त गाळायचं, म्हणजे कण आणि धातू दोघं तिथेच मुक्कामाला, त्यात कॅडमियम निम्मं बाहेर पडायलाच १० वर्षांच्या वर लागतात. पण टेस्टिंग होतं ते एकेकाचं वेगवेगळं! निदान पाकिटावर नॅनो आहे की नाही एवढं तरी एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) छापायला लावावं.

– एक पालक, नाशिक