डिसेंबरात येत नाही, म्हणून हे पत्र

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

डिसेंबरचं तिकीट मी रद्द केलं. फोनवर सांगायचा धीर होईना. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी दादा रजा घेऊन येतोय, डॉक्टरांशीही मी बोलले आहे.

बाबा, कोर्टात जन्म काढलात, तुम्हाला हे पटेल. इथे अमेरिकेत १९८४चा एक फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा आहे. पूर्वी तीन हिंसक किंवा मोठे अमली पदार्थांचे गुन्हे शाबीत झालेल्याकडे बंदूक सापडली, तर किमान १५ वर्षं. न्यायाधीशाला दया आली तरी त्याखाली जाता येत नाही. मात्र ते गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगी घडलेले हवेत, आणि सगळं भांडण तिथेच आहे. जॉर्जियात वुडन नावाच्या माणसाने १९९७ साली एका रात्रीत एकाच गोदामातले दहा गाळे फोडले. पुढे बंदूक सापडली, तेव्हा ते दहा प्रसंग धरले गेले आणि दोनेक वर्षांची शिक्षा जवळजवळ सोळावर गेली! २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, प्रसंग एकच. २०२४ मध्ये अर्लिंजर खटल्यात ठरलं, की हा निर्णय न्यायाधीशाने एकट्याने घ्यायचा नाही, ज्यूरीने एकमताने घ्यायचा.

माझ्या अशिलाच्या जुन्या घरफोड्या काही दिवसांच्या अंतराने झालेल्या. ज्यूरी जानेवारीत बसेल. आत्ता कागद दुसऱ्याच्या हाती देऊन आले, तर त्या माणसाची वर्षं जातील. मोठी फर्म सोडून हेच काम घेतलं, ते यासाठीच. पगार कमी आहे, पण भाडं, विमा नीट भागतं. आई, मी रोज वरण-भात खाते, तुझं मेतकूटही अजून आहे. हीटर चांगला चालतो.

शनिवारी तुमच्या टेबलाखाली बसून गठ्ठ्यांना लाल फीत बांधायचे, आठवतं बाबा? एक गाठ सैल राहिली तरी सोडून पुन्हा बांधायला लावायचात.

आता ऐका. ऑपरेशननंतर खाली वाकायचं नाही, स्कूटरला हात लावायचा नाही, थेंब घड्याळ लावून घालायचे. आई, बीपीची गोळी एकादशीलाही घ्यायची, आणि गच्चीवर बादली तू नेणार नाहीस. रागावली असलीस तर फोनवर रागव, पण फोन उचल.

मार्चचं तिकीट काढलंय. अण्णांच्या खोलीतलं सामान तोवर हलवू नका, मी आल्यावर आपण मिळून बघू.

तुमची,
मनू