टेकडीवर रोपं नकोत, वणवा अडवायला जाळरेषा आखा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की आपल्या ठाण्याच्या येऊर, पारसिकच्या डोंगरांकडे वृक्षारोपणाचे बॅनर झळकायला लागतात, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काही जण म्हणतात माणसाने हातच लावू नये, जंगल आपोआप येईल. मला दोन्ही पटत नाही.

खड्डे खणायच्या आधी मजुरांना "झुडपं" साफ करायला लावतात ना, ती झुडपं जरा वाकून बघा, ऐन, कुडा, पळस, साग यांच्या जुन्या खोडांचे फुटवे असतात ते. खाली मुळं कित्येक वर्षांची, त्यामुळे एका पावसात कंबरेएवढे होतात, पाणी घालायला कोणी लागत नाही. हे छाटायचे आणि तिथेच नर्सरीतलं पिशवीतलं रोप लावून काठी बांधायची, फोटो काढायचा, एप्रिलमध्ये जाऊन बघावं तर काठी तेवढी उभी! 2019 मध्ये राज्याचं टार्गेट 33 कोटी झाडांचं होतं. असं आकड्यांचं टार्गेट दिलं की खड्डेच मोजले जाणार, फुटवे कोण मोजतंय?

पण नुसतं सोडून देऊनही भागणार नाही. घाणेरीचं तण बघा, पक्षी त्याच्या बिया पसरवतात, वरून कापली की दुप्पट जोमाने फुटते, फळं धरायच्या आत मुळासकट काढावी लागते. आणि त्याहून वाईट वणवा. गवत वाळलं की कोणीतरी पेटवतंच, फुटवे दरवर्षी जमिनीपर्यंत जळतात आणि ज्याचं झाड व्हायचं ते झुडूपच राहतं. नेदरलँड्समध्ये ओस्टव्हार्डर्सप्लासेन या राखीव निसर्गक्षेत्रात कुंपणाच्या आत घोडे, गुरं, हरणं सोडून दिली होती, शिकारी प्राणी नाहीत, बाहेर जायला वाट नाही, 2017-18 च्या हिवाळ्यात तीन हजारांवर जनावरं मेली, बरीचशी उपाशी मरण्यापेक्षा बरं म्हणून गोळ्या घालून. आपल्या जंगलालाही शहराने घेरलंय, ते वाऱ्यावर सोडून कसं चालेल?

माझी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे, रोपांचे निम्मे पैसे तरी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) आणि राखणीवर खर्च करा. राखणीला येऊरच्या पाड्यांवरची पोरं पगारी घ्या, वाटा त्यांना पाठ आहेत, धूर दिसला की आपल्या कुणाच्याही आधी तीच पोचतील. पारसिकला खाणींनी डोंगर उघडाबोडका केलाय, खोडंच उरली नाहीत, तिथे खुशाल झाडं लावा, फक्त गिरीपुष्पासारखं परदेशी झाड नको. जाळरेषांचं काम जानेवारीच्या आत व्हायला हवं, म्हणून त्याचे पैसे आत्ताच मंजूर करा.

— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे