चार्जर काढला की लॅपटॉप बंद पडतो, म्हणून लगेच मदरबोर्ड बदलू नका

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान चालवतो, बारा वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण मागच्या मंगळवारी दुकानात जे बघितलं ते मनातून जाईना. आपला पेपर आमच्याकडे गावोगाव वाचला जातो म्हणून तुम्हालाच लिहितोय, जागा असेल तर जरूर छापा.

झालं असं की एक बाप-लेक आले. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीला गावी आलेली. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून पिशवीत आणला होता, आणि रिपेअर करायला नाही तर विकायला आणला होता, जुन्याचे किती येतील म्हणाले. मी विचारलं का विकताय, तर चार्जर लावलेला असला की एक नंबर चालतो पण चार्जर काढला किंवा लाईट गेली की खट्कन बंद, सेव्ह करायलाही वेळ देत नाही, असाइनमेंट दोनदा गेली. शहरात एका ठिकाणी दाखवला तर तिथं पाठीमागचा एक स्क्रूही न खोलता मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय म्हणून सांगितलं, १४ हजार खर्च, त्यापेक्षा नवीन घ्या. म्हणून वडिलांनी ४५ हजाराचा नवीन हप्त्यावर घ्यायचं ठरवलं होतं आणि जुन्याचे तीन-चार हजार आले तर पहिल्या हप्त्याला होतील असा त्यांचा हिशोब.

मी म्हटलं काका बसा, चहा घ्या, मला दहा मिनिटं द्या.

लॅपटॉप चालू केला, कोपऱ्यात बॅटरी ९८ टक्के दाखवत होती. चार्जर काढला, स्क्रीन तिथल्या तिथं काळी. परत चार्जर लावून चालू केला आणि विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. हा रिपोर्ट कुणालाही काढता येतो, त्याला पैसे पडत नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, त्या काळ्या खिडकीत पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी ही अक्षरं, मग एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा शब्द इंग्रजीत, आणि एंटर. एक फाईल तयार होते, ती कुठं सेव्ह झाली तेही तिथंच लिहून येतं, ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात दोन आकडे बघायचे, डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी नवीन असताना किती पावर धरत होती आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती धरते. या मुलीच्या लॅपटॉपला पहिला आकडा होता ४१,०४० आणि दुसरा ७,९००. सायकल काउंट, म्हणजे पूर्ण चार्ज-डिस्चार्ज किती वेळा झालं तो आकडा, ७१२. मी स्क्रीन काकांकडे फिरवली आणि म्हटलं, चाळीस लिटरच्या कॅनमध्ये आता आठच लिटर बसतंय बघा, मदरबोर्ड कुठून आला मधे.

त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र बरोबर होता, की आठ लिटर तरी आहे ना मग पाच-दहा मिनिटं तरी चालायला पाहिजे, एका सेकंदात कसं बंद पडतं. ते शेतकरी माणूस, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. मे महिन्यात विहिरीत वाकून बघितलं तर पाणी दिसतं, पण झरे आटलेले असतात, मोटर चालू केली की दोन मिनिटांत पाणी तळाला जातं आणि मोटर हवा ओढायला लागते. बॅटरीचं तसंच आहे. तिच्या आत तीन सेल असतात एकापुढं एक जोडलेले, नुसती ठेवली आणि मीटर लावला तर १२ व्होल्टच्या वर दाखवते, सगळं ठीक वाटतं. पण सेल म्हातारे झाले की आतला रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा वाढतो, चार्जर काढल्याबरोबर सगळा लोड बॅटरीवर येतो आणि व्होल्टेज धाडकन ९ च्या खाली जातं. बॅटरीच्या आत एक छोटं संरक्षण सर्किट असतं, ते सेल खराब होऊ नयेत म्हणून लगेच पुरवठा तोडतं. आपल्याला दिसतं लॅपटॉप मेला. आणि ९८ टक्के हा आकडा म्हणजे हिशोबाने काढलेला अंदाज असतो, सेलमध्ये डोकावून कुणी मोजलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

नवीन बॅटरी बसवली, २,८०० रुपये. अडीच तास बिनचार्जर चालला. मुलगी तिथंच बाकड्यावर बसून राहिलेली असाइनमेंट लिहीत बसली, आणि वडील सारखे विचारत होते की म्हणजे नवीन घ्यायला नको ना आता.

संपादक साहेब, ही एकच केस असती तर पत्र लिहिलं नसतं. ज्या लिथियम आयन बॅटरीच्या कामासाठी २०१९ ला तिघा शास्त्रज्ञांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ती वस्तू उत्तमच आहे, पण ती टायरसारखी झिजणारी वस्तू आहे हे विकताना कुणी सांगत नाही. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली की तिची ताकद कमी व्हायला लागते, आणि गरमीत अजून लवकर. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खालची जाळी बंद करून चोवीस तास चार्जरला, बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि कायम तापलेली, मग तीन वर्षांत बसते. आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, जे लोक टेबलावर चार्जर लावूनच काम करतात त्यांनी ती आजच चालू करा.

आता खरं ते सांगायला पाहिजे, दरवेळी बॅटरीच असते असं नाही. एका शाळेच्या सरांचा लॅपटॉप आला होता, तक्रार हीच, यू-डायसची म्हणजे सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरताना लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून. त्यांच्या बॅटरीला काही झालेलं नव्हतं, आधी कुणीतरी एसएसडी (फायली साठवायची डिस्क) टाकताना बॅटरीचा कनेक्टर काढला होता आणि परत लावताना अर्धाच बसवला होता. नखाने दाबला, टक् आवाज आला, काम झालं. त्या सरांनाही कुणीतरी बोर्डच सांगितला होता.

काही वेळा चार्जरमुळे होतं. ६५ वॅटचा लॅपटॉप आणि बाजारातून आणलेला ४५ वॅटचा चार्जर, लॅपटॉप कसाबसा चालतो पण बॅटरी भरायला पावर उरतच नाही, म्हणून काढला की बंद. काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकाला मधोमध सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉपला कळतं की हा चार्जर किती वॅटचा. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी चार्ज करायचं नाकारतो, स्क्रीनवर प्लग्ड इन, नॉट चार्जिंग असं येतं. अशा वेळी दुसऱ्याचा तसाच ओरिजिनल चार्जर तासभर लावून बघा, बॅटरी भरायला लागली तर प्रश्न तिथंच संपला.

आणि हो, बोर्डही जातो कधी कधी. चार्जर काढला की बॅटरीकडं वळवायचं काम बोर्डवरचे दोन-तीन बारीक मॉस्फेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच करतात, ते उडाले तर चांगली बॅटरी असून उपयोग नाही. पण हे बॅटरी आणि कनेक्टर तपासल्यावर, मीटर लावून ठरवायचं काम आहे, आणि त्यातही पूर्ण बोर्ड बदलायची गरज क्वचितच, तेवढा पार्ट बदलून दीड-दोन हजारात भागतं.

घरी स्वतः बघायचं असेल तर सगळ्यात आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पावरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा, कधी कधी एवढ्यानंच सुटतं. नाही सुटलं तर चालू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जा, काही लॅपटॉपना एफ१० असतं, आणि त्या स्क्रीनवर असताना चार्जर काढा. तिथंही बंद पडला तर विंडोजचा काही दोष नाही, फॉरमॅट मारून पाचशे रुपये घालवू नका, फोटो आणि फायली जातील ते वेगळंच. बायोसमध्ये टिकला आणि विंडोजमध्येच पडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज खाली एसीपीआय कम्प्लायंट लिहिलेली बॅटरीची नोंद असते, ती अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा, ती आपोआप परत येते. त्यानंतरही तेच असेल तर सेल लोडवर दम तोडतायत असं समजा आणि रिपोर्ट काढा.

एका गोष्टीसाठी मात्र हात जोडून सांगतो. टचपॅड वर उचललं गेलं असेल, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, झाकण नीट लागत नसेल तर आत बॅटरी फुगलीय. त्या क्षणी बंद करा, चार्जर काढा, परत लावू नका. माझ्याकडे एक पोरगा आला होता, फुगलेली बॅटरी घरीच बाहेर काढून सुई हातात घेऊन बसला होता, टोचली की हवा जाईल म्हणून त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्याच्या आईनं हात धरला म्हणून वाचला. ती साधी हवा नसते, आतला गॅस पेट घेऊ शकतो आणि टोचलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन भडका उडतो. मी दुकानात कोरड्या वाळूची बादली ठेवलीय ती याच्यासाठीच.

बॅटरी घेताना पण बघून घ्या. सातशे-आठशेला मिळते ती घेऊ नका, लेबलवर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी हातात घेतली की हलकी लागते, सहा महिन्यांत परत तेच. आपल्याकडे या बॅटऱ्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, लेबलवर आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा ते तिथंच दिसतं. दुकानदारासमोर टाका, संकोच करू नका, आणि बिल घ्या. बिल असेल आणि फसवणूक झाली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, तिथं तक्रार करता येते.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली माझ्याच धंद्यातल्या भावांना. बोर्ड किंवा बॅटरी काहीही सांगा, पण सांगायच्या आधी रिपोर्टमधले दोन आकडे आणि मीटरचं व्होल्टेज गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्या आणि काढलेला पार्ट परत द्या. मी चार वर्षांपासून बिलाच्या मागे लिहून देतो, त्याला एक मिनिट लागतं, त्यानं धंदा कमी झाला नाही. आणि गिऱ्हाइकांनीही ते मागावं. डॉक्टरकडे आपण रिपोर्ट मागतो, मग १४ हजार देताना का नाही मागायचा.

दुसरी सरकारला आणि कंपन्यांना. मी धंद्यात आलो तेव्हा लॅपटॉप उलटा करून दोन खटके सरकवले की बॅटरी हातात यायची, आजीलाही जमेल असं काम. आता दहा-बारा स्क्रू, प्लास्टिकच्या क्लिपा, काहींमध्ये तर बॅटरी डिंकाने चिकटवलेली, काढताना वाकली तर धोका. युरोपात कायदा झालाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं अशा वस्तूंमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं ते चांगलंच केलं, पण पोर्टलने स्क्रू उघडत नाही, युरोपसारखा नियम इथंही यायला पाहिजे. कारण इथं उन्हाळा जास्त, लाईट जास्त वेळा जाते, आणि लॅपटॉप एकदा घेतला की घरातली तीन पोरं त्याच्यावर शिकतात.

जुन्या बॅटऱ्यांचं पण तेच. २०२२ च्या नियमाप्रमाणे बॅटरी बनवणाऱ्यांवर ती परत गोळा करायची जबाबदारी आहे, पण तालुक्याच्या गावात ती द्यायची कुठं. माझ्या दुकानाच्या मागे पत्र्याच्या पेटीत साठ-सत्तर मेलेल्या बॅटऱ्या आहेत, प्रत्येकीच्या टोकाला चिकटपट्टी लावून ठेवलीय. भंगारवाला किलोवर मागतो, मी देत नाही, कारण तो त्या फोडतो हे मी बघितलंय. एखाद्या कंपनीने महिन्यातून एकदा गाडी पाठवली तर आम्ही सगळे दुकानदार आपल्या आपण गोळा करून एका जागी आणून देऊ.

कॉलेज सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत आणि या दिवसांतच लोक जुने लॅपटॉप मोडीत काढून नवीन घेतात, म्हणून तेवढं त्याच्या आत छापता आलं तर बघा.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती करणारा वाचक
जि. सोलापूर