जीएसटीचे दर बदलताना आयटम मास्टर आणि जुनी बिले बिघडवल्याबाबत तक्रार

कराड
दि. ३० ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २१ व २४ सप्टेंबर रोजी आमच्या डेटाबेसवर चालवलेल्या दोन अपडेट क्वेरींमुळे (माहिती बदलण्याच्या आज्ञांमुळे) झालेले नुकसान, जुन्या बिलांची दुरुस्ती व भरपाई.

महोदय,

आमचे कराडात स्टेशनरीचे घाऊक व किरकोळ दुकान आहे. आपले बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही एप्रिल २०२२ पासून वापरतो आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, दरवर्षी वेळेवर भरतो. फोनवर अकरा वेळा बोलून झाले. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून सांगायची. म्हणून आता लेखी.

३ सप्टेंबरच्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत दर बदलले आणि ते २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाले. आमच्या धंद्याला हा बदल चांगलाच जाणवणारा. शाळेच्या वह्यांवर १२ टक्के होते ते शून्य झाले. पेन्सिल आणि शार्पनर १२ वरून शून्य, खोडरबर ५ वरून शून्य, कंपासपेटी १२ वरून ५. पेन मात्र १८ वरच राहिले. रजिस्टर, खतावणी, पावतीपुस्तके, डायऱ्या याही १८ वरच. आमच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या व दरांच्या मूळ यादीत, ३,१४० आयटम आहेत. एकेक उघडून दर बदलायचा तर दिवाणजींचे आठ दिवस गेले असते. त्यामुळे तुमच्याकडून फोन आला की ‘आम्ही नव्या दरांचे टेबल बनवले आहे, त्यावरून तुमचे मास्टर एका झटक्यात अपडेट करून देतो’, तेव्हा मला बरेच वाटले.

२१ तारखेला रविवार, सर्वपित्री अमावास्या. रात्री साडेनऊला तुमच्या इंजिनिअरने आमच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. मी शेजारीच बसलो होतो. एका काळ्या खिडकीत त्याने काहीतरी लिहिले आणि एंटर मारले. लाल अक्षरांत एरर आली. मला संगणकातले फार कळत नाही, पण लाल अक्षरे दिसली की मोबाईलवर फोटो काढायची सवय आहे. तो फोटो सोबत जोडला आहे. एरर क्रमांक १२४२, ‘सबक्वेरी रिटर्न्स मोअर दॅन वन रो’. मी विचारले, हे काय म्हणतंय? तर म्हणाला, ‘काही नाही सर, नेहमीचंच आहे.’ मग त्याने त्याच ओळीत ‘लिमिट वन’ एवढे दोन शब्द टाकले, पुन्हा एंटर मारले, आणि काम झाले. एकूण सात मिनिटे.

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा फोटो मी तिला पुढे आठवड्याने दाखवला. तिने कपाळाला हात लावला आणि मला जे समजावले ते माझ्या भाषेत असे.

तुमच्याकडे दोन टेबले होती. एक आमच्या आयटमचे, दुसरे नव्या दरांचे. दोघांना जोडणारा धागा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक. आमची उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने आमचे कोड चार आकडीच आहेत. तेवढे पुरतात हे सॉफ्टवेअर बसवताना तुमच्याच माणसाने सांगितले होते. आता ४८२० हा कोड घ्या. शाळेची वही ४८२०, हिशोबाचे रजिस्टरही ४८२०. तुमच्या दरांच्या टेबलात ४८२० च्या दोन ओळी होत्या, एक शून्याची आणि एक अठराची. ९६०८ चेही तेच. बॉलपेन १८, लेड पेन्सिल (दाबून शिसे बाहेर काढायची) शून्य. डेटाबेसने तुमच्या माणसाला स्पष्ट विचारले होते की बाबा, एका आयटमला दोन दर सापडतायत, कुठला लावू? त्यावर उत्तर काय दिले, तर जो पहिला हाताला लागेल तो लाव. ‘लिमिट वन’चा अर्थ एवढाच. आणि क्रम सांगितलेला नसेल तर पहिली कुठली ओळ हाताला लागेल याची हमी डेटाबेसही देत नाही, असे मुलगी म्हणते.

परिणाम असा की ४८२० चे आमचे सगळे ३८६ आयटम शून्यावर गेले. त्यातले १३१ रजिस्टर, खतावण्या आणि डायऱ्या. ९६०८ मध्ये उलटे झाले. पेन बरोबर राहिले, पण लेड पेन्सिलीवर १८ टक्के लागले.

वही आणि रजिस्टर यांतला फरक चार आकडी कोडमध्ये नव्हताच, तेव्हा क्वेरी कितीही हुशारीने लिहिली असती तरी नुसत्या कोडवरून तो निघाला नसता. तो आमच्या ‘आयटम ग्रुप’च्या रकान्यात होता. तिथे ‘वह्या’ आणि ‘हिशोबाची रजिस्टर’ असे स्वच्छ वेगळे ग्रुप आहेत. कोड आणि ग्रुप दोन्ही जुळवले असते तरी भागले असते. आणि तेही नको, मला एक प्रश्न विचारला असता तरी चालले असते. मी दोन फुटांवर बसलो होतो.

दुसरी गंमत कंपासपेटीची. त्या आयटमच्या कोडआधी एक रिकामी जागा पडलेली आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा माझ्या पुतण्याने एक्सेलमध्ये कोड भरले, त्यातली ही चूक. पुढे ती यादी तशीच तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आली. ती आमची चूक, मान्य. असे २१४ आयटम निघाले. कोड जुळला नाही, म्हणून तुमच्या टेबलात त्यांना ओळ सापडली नाही. जुळले नाही तर जुना दर तसाच ठेवावा की नाही? पण तुमच्या क्वेरीत ‘जुळणाऱ्याच आयटमना हात लाव’ अशी अट नव्हती, म्हणून जुना दर पुसून तिथे ‘नल’ बसला. नल म्हणजे शून्य नव्हे, काहीच नाही. काहीच-नाहीने किंमत गुणली की उत्तरही काहीच नाही. आणि बिलाची बेरीज करताना सॉफ्टवेअर अशा ओळी मुकाट्याने वगळते.

हे आम्हाला कळले कसे, तर २४ तारखेला सकाळी एका माध्यमिक शाळेचे गुरुजी बिल घेऊन परत आले. आदल्या दिवशी त्यांनी नऊ प्रकारचा माल नेला होता. म्हणाले, ‘शेठ, यात कंपासपेट्यांचे पैसे लागलेलेच नाहीत.’ बिल पाहिले. सहावी ओळ, कंपासपेटी, नग ६०, दर ८४, आणि पुढे रक्कम कोरी. बाकी आठ ओळींची बेरीज बरोबर. करासह ५,२९२ रुपयांचा माल आम्ही फुकट दिला होता. गुरुजींनी पैसे मोजून दिले. बाकीचे कोण परत येणार? तीन दिवसांत अशा बाकीच्या कोऱ्या ओळींतून ८,७६० रुपयांचा माल गेला. काउंटरवर पोराला गर्दीत कळले नाही, हेही खरे. पण सॉफ्टवेअर घेतले ते त्यासाठीच ना?

त्याच दिवशी दुपारी मी फोन केला. दुसरा इंजिनिअर आला. त्याने मास्टर हाताने नीट केले. दोन तास लागले, पण काम चोख केले. त्याच्याबद्दल तक्रार इथपर्यंत नाही. मग म्हणाला, ‘सर, तीन दिवसांची बिलंही दुरुस्त करून देतो, मास्टरवरून बिलाच्या टेबलवर अपडेट मारतो.’ मारला. किती ओळी बदलल्या ते मलाच वाचून दाखवले, ‘एक लाख चौदा हजार रो अफेक्टेड. म्हणजे सगळं झालं बघा.’

तीन दिवसांत आमची बिले १७० च्या आसपास. सरासरी नऊ ओळी धरल्या तर दीड हजार होतात. एक लाख चौदा हजार हा आकडा ऐकून दिवाणजीसुद्धा चष्मा काढून बघायला लागले. तारखेची अट टाकायची राहिली होती. एप्रिल २०२२ पासूनच्या प्रत्येक बिलाच्या प्रत्येक ओळीवर २४ सप्टेंबर २०२५ चा दर बसला.

हे उघडे पडले दिवाळीच्या तोंडावर. एका शाळेने ऑडिटसाठी जूनच्या बिलाची दुसरी प्रत मागितली. मूळ बिल ४८,००० रुपयांच्या वह्या, १२ टक्क्यांनी कर ५,७६०, एकूण ५३,७६०. नवी प्रत छापली तर कर शून्य, एकूण ४८,०००, जमा ५३,७६०, आणि खाली ठळक अक्षरांत ‘ग्राहकाचे जादा जमा ५,७६०’. शाळेचे क्लार्क हसत म्हणाले, मग चेक कधी देताय? शाळेला प्रत हाताने लिहून दिली. पण आमच्या भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) एक आकडा आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरा, हे उद्या खात्याने विचारले तर मी काय सांगू? जूनमध्ये ज्या दराने कर घेतला तो जूनचाच राहणार. सप्टेंबरात दर बदलला म्हणून झालेला व्यवहार बदलत नाही.

महोदय, आम्ही खतावण्या विकतो आणि आमच्याकडे अजून एक खतावणी हाताने लिहिली जाते. दिवाणजी रोजकीर्दीवरून खतवणी करतात ती अगदी हीच गोष्ट आहे, एका वहीतल्या नोंदीवरून दुसऱ्या वहीतली खाती अद्ययावत करणे. कीर्दीत नुसते ‘पाटील’ लिहिलेले असेल आणि खतावणीत पाटलांची तीन पाने असतील, तर ते पेन खाली ठेवतात आणि विचारतात, ‘कुठले? ओगलेवाडीचे की मलकापूरचे?’ पहिले पान उघडले त्यात लिहून टाकले, असे चाळीस वर्षांत एकदाही झालेले नाही. खाते सापडले नाही तर नोंद बाजूला काढतात, कुणाची बाकी खोडत नाहीत. आणि बंद केलेल्या सालाच्या वहीला हात लावत नाहीत. त्यांचे शिक्षण सातवी आहे.

नुकसानीचा हिशोब असा. त्या तीन दिवसांत छोटे दुकानदार दिवाळीच्या वहीपूजनासाठी लाल पुठ्ठ्याच्या खतावण्या आणि रोजमेळ भरत होते, त्यामुळे रजिस्टरांचा खप नेमका तेव्हाच. विनाकर गेलेला माल १,१२,४०० रुपयांचा, त्यावरचा १८ टक्के कर २०,२३२. ओळखीच्या तिघांनी फरक आणून दिला, ५,४०० रुपये. उरलेले १४,८३२ आम्ही खिशातून भरले. कोऱ्या ओळींचे ८,७६०. सीएंनी फेरतपासणीची जादा फी घेतली ६,०००. एकूण २९,५९२ रुपये. लेड पेन्सिलीवर जादा घेतलेल्या कराची रक्कम यात धरलेली नाही. चुकून घेतलेला कर दुकानदाराला ठेवून घेता येत नाही, तो सरकारजमा करावा लागतो किंवा ग्राहकाला क्रेडिट नोटने परत द्यावा लागतो. तो आम्ही देतो आहोत.

तुमच्याकडून बॅकअप मागितला तर उत्तर आले की क्वेरीआधी बॅकअप घेतलेला नाही. ट्रान्झॅक्शन सुरू करून मग क्वेरी चालवली असती, आकडा पाहून पटले नसते तर रोलबॅक करता, म्हणजे बदल मागे घेता आले असते, असे मुलगी म्हणते, तेही नाही. नशिबाने दिवाणजी रोज रात्री दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर कॉपी घेतात. शनिवार २० सप्टेंबरच्या रात्रीची कॉपी आमच्याकडे शाबूत आहे.

त्या कॉपीतून २१ सप्टेंबरपूर्वीच्या सर्व बिलांच्या ओळी बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक दोन्ही जुळवून मूळ दरावर आणून द्याव्यात, अशी आमची मागणी आहे. आधी नुसती निवड करून दाखवावी: किती ओळी जुळल्या, किती जुळल्या नाहीत, किती दोनदा जुळल्या. ती यादी दिवाणजी तपासतील, त्यांनी हो म्हटल्यावरच अपडेट. हे काम आमच्या चालू डेटाबेसवर थेट न करता प्रतीवर करावे आणि दुकान बंद असताना. दोन्ही दिवशी चालवलेल्या क्वेरींची लेखी प्रत द्यावी, ती सीएंना लागणार आहे. पुढच्या आवृत्तीत दराच्या टेबलात ‘कधीपासून लागू’ असा रकाना टाकावा, म्हणजे दर पुन्हा बदलले तरी जुने पुसायची वेळ येणार नाही. आणि २९,५९२ रुपये द्यावेत. पुढच्या एएमसीत वळते केले तरी आमची हरकत नाही, पण मग एएमसीच्या कागदावर तसे लिहून हवे.

१५ नोव्हेंबरपर्यंत लेखी उत्तर यावे. न आल्यास एएमसी पुढे चालू ठेवणार नाही आणि हाच पत्रव्यवहार वकिलांकडे देईन. दरम्यान आमच्या कॉम्प्युटरचा ताबा दुरून कोणी घेऊ नये, पासवर्ड बदलला आहे. यायचे तर कराडला या. स्टँडवरून चालत दहा मिनिटे. चहा देऊ, पण एंटर दिवाणजी मारतील.

आपला,
(सही)
प्रोप्रायटर

सोबत : २१ सप्टेंबरच्या एररचा फोटो, कंपासपेटीच्या कोऱ्या ओळीचे बिल, जूनच्या बिलाच्या दोन्ही प्रती, सीएंच्या फीची पावती, कोडआधी जागा पडलेल्या २१४ आयटमची यादी, जी आम्ही आता दुरुस्त केली आहे.