पाटल्या दिल्या, मग हिशोब नको का मागायला?

अभि,

पोचलास का एवढंच विचारायला फोन घेतला होता, पण आता टाइप करायलाच बसलेय, लांबलं तर लांबलं. निघायच्या आदल्या रात्री तू आणि मामा जे भांडलात ते काही डोक्यातून जाईना. मामा म्हणाला बासष्टच्या चीन युद्धात हरलो ते सगळं पाप एकट्या नेहरूंचं, आणि तू ताट सरकवून म्हणालास की लढाई चालू असताना नेत्याला प्रश्न विचारणाऱ्यांना आधी बॉर्डरवर उभं करा. मामाचं सोड रे, तो फॉरवर्ड वाचून बोलतो. पण तू?

(लोकरीचे मोजे काळ्या पिशवीत आहेत, जास्तीचे टाकलेत. ओले मोजे घालून बसू नकोस.)

मी नेहरूंची वकिली करत नाहीये. १२ ऑक्टोबर १९६२ ला सिलोनला निघताना मद्रासला पत्रकारांना सांगून मोकळे झाले की चिन्यांना हुसकून लावायला सांगितलंय, आणि तिकडे ईशान्येला, चीनच्या सीमेवरच्या नामका चू नदीवर आपली पोरं सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत, मोजक्या गोळ्या घेऊन बसलेली. २० तारखेला हल्ला झाला आणि ब्रिगेडिअर दळवींची अख्खी ब्रिगेड उधळली, ते स्वतः कैद झाले. संरक्षणमंत्री मेनन चुकले, तिथली फौज सांभाळणारे जनरल कौल चुकले, चिनी काही करणार नाहीत म्हणणारे गुप्तचर खात्याचे प्रमुख मलिकही चुकले, पण या सगळ्यांवर विश्वास कुणी टाकला? पंतप्रधान तेच, परराष्ट्रमंत्रीही तेच, मग ढकलणार कुणावर. मोठा माणूस होता आणि इथे मोठं चुकला, मला दोन्ही एकदम म्हणता येतं. मामाला येत नाही.

पण तुझ्या वाक्याचं काय. अरे, लढाई चालू असतानाच, ८ नोव्हेंबरला, संसद भरली. वाजपेयींसारख्या विरोधकांनी मागणी केली आणि नेहरूंनी मानली. कुणीतरी गुप्त बैठक सुचवली तर तेच नको म्हणाले. लोक तोंडावर बोलले त्यांना. मेननना तर त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी घालवलं आणि मग त्यांच्या जागी आपले यशवंतराव गेले दिल्लीला. पुढच्या ऑगस्टमध्ये विरोधी बाकांवरच्या आचार्य कृपलानींचा अविश्वास ठराव, स्वतंत्र भारतातला पहिला, ३४७ विरुद्ध ६२ ने पडला पण उभं राहून उत्तर द्यावं लागलंच की. यातलं कशानं सैन्य खचलं सांग मला. वाईट झालं ते झाकल्यामुळे. त्या पराभवाची चौकशी केलेल्या हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांचा अहवाल १९६३ पासून सरकारदफ्तरी बंद आहे, एवढी सरकारं आली गेली, कुणीच खुला केला नाही. कारगिलच्या लढाईवरचा अहवाल निदान काही भाग वगळून का होईना संसदेत तरी ठेवला.

झालं, लागले शिकवायला. नववीचा तास नाहीये हा, सॉरी.

आजीचं आठवतंय मला. संरक्षण निधीला पाटल्या दिल्या तिनं, लग्नातल्या, आणि घरी येऊन चुलीपुढे नेहरूंना अशा शिव्या घातल्या की आजोबा म्हणाले अगं हळू. तिचं म्हणणं, माझं सोनं गेलंय, मी विचारणार. पुढे शेवटपर्यंत काचेच्या बांगड्यांवरच राहिली बिचारी. तू तिच्यावर गेलायस असं मला वाटायचं, साताऱ्यात सायकलचा हिशोब मागायला दुकानदाराशी भांडला होतास तो तू.

खांद्यावर स्टार लावले तेव्हापासून छाती फुगलीय माझी, कॉलनीत सगळ्यांना फोटो दाखवून झाले. आणि रात्री तीनला जाग येते ती वेगळीच. तिकडची थंडी, बूट, पाय, हेच. नाही बोलणार म्हणत होते यावर.

तुझ्या हाताखाली आता पोरं आहेत. त्यांचे बूट स्वतः वाकून बघ. फाटके, कमी मापाचे असतील तर वरच्या साहेबांना लेखी कळव, नुसतं तोंडी नको, आणि कागदाची कॉपी ठेव. साहेब चिडले तर चिडू देत.

आई